न्यूयॉर्क विधिमंडळ, १८१२ : सदस्यांची यादी जुळत नाही

प्रश्न :
न्यूयॉर्क राज्याच्या ३५व्या विधिमंडळाची सदस्य-यादी करायला घेतली आहे आणि घोडं अडलंय. काही ठिकाणी याच मंडळाचं वर्ष १८११ दिलंय, काही ठिकाणी १८१२. मार्टिन व्हॅन ब्युरेन १८१२ला राज्याच्या सिनेटवर (वरिष्ठ सभागृहावर) निवडून आले, पण ३५व्या मंडळाच्या मतदानात त्यांचं नाव सापडत नाही. इतिवृत्तात २७ मार्चनंतर एकदम २१ मे येतो, तर मधली पानं गहाळ आहेत का? आणि सिनेटर ३२ की ३३? जाणकारांनी उलगडा करावा.

प्रतिसाद १ :
दोन्ही वर्षं बरोबर आहेत. तेव्हाच्या घटनेप्रमाणे मुदत १ जुलैला सुरू व्हायची आणि पुढच्या ३० जूनला संपायची. मतदान एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारपासून तीन दिवस चालायचं. ३५व्या मंडळासाठी ते ३० एप्रिल ते २ मे १८११ला झालं, राजधानी आल्बनीतली बैठक मात्र जानेवारी १८१२ उजाडल्यावर. सोपा हिशेब असा : मंडळाच्या क्रमांकात १७७६ मिळवा, निवडणुकीचं वर्ष मिळेल, १७७७ मिळवा, मुख्य अधिवेशनाचं वर्ष मिळेल.

व्हॅन ब्युरेन एप्रिल १८१२च्या निवडणुकीत मिडल डिस्ट्रिक्टमधून (सिनेटच्या चार मतदारविभागांपैकी एक) आले, म्हणजे ते ३६व्या मंडळाचे. ते मंडळ नोव्हेंबर १८१२मध्येच बसलं, कारण राष्ट्राध्यक्षपदाचे इलेक्टर (राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी) तेव्हा न्यूयॉर्कात जनता नव्हे, विधिमंडळ निवडायचं. (२९च्या २९ राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डेविट क्लिंटन यांच्या बाजूचे निवडले.) थोडक्यात, १८१२ या एका वर्षात दोन वेगळी विधिमंडळं बसली. यादी कॅलेंडर वर्षावर रचली की घोटाळा ठरलेला. मुदतीवर रचा.

प्रतिसाद २ :
पानं गहाळ नाहीत, सभागृहच बंद होतं. ६० लाख डॉलर भांडवलाच्या बँक ऑफ अमेरिकेला सनद द्यायचं विधेयक पुढे सरकत होतं. सदस्यांना लाच देऊ केली जातेय, असं कारण देत गव्हर्नर डॅनियल टॉम्पकिन्स यांनी २७ मार्चला दोन्ही सभागृहं तहकूब केली. १७७७च्या घटनेनुसार गव्हर्नरला वर्षात जास्तीत जास्त ६० दिवस असं करता यायचं. २१ मेपर्यंतचे दिवस मोजा, ५५ भरतात. कुणीतरी बोटं मोजूनच तारीख ठरवली असणार. एवढं करून उपयोग शून्य, कारण परतल्यावर सभागृहांनी सनद दिलीच. अधिवेशन १९ जूनला संपलं. यादीत दोन्ही तुकडे एकाच अधिवेशनाखाली ठेवा, नवा क्रमांक देऊ नका.

प्रतिसाद ३ :
सिनेटर ३२च. १८०१च्या घटनादुरुस्तीने आकडा पक्का झाला. मुदत चार वर्षं, दरवर्षी आठ जागा रिकाम्या. म्हणून प्रत्येक नावापुढे मुदत संपण्याचं वर्ष लिहायला एक रकाना ठेवा. मध्येच रिकाम्या झालेल्या जागेवर आलेला माणूस चार वर्षांसाठी नव्हे, उरलेल्या मुदतीपुरताच असतो. इथेच बहुतेक याद्या चुकतात.

तेहतिसावं नाव बहुधा डेविट क्लिंटन यांचं असेल. ते लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसायचे. ते सिनेटर नव्हते. त्याआधी ते सदर्न डिस्ट्रिक्टचे सिनेटर होते, आणि याच काळात न्यूयॉर्क शहराचे महापौरही, त्यामुळे नाव तीन ठिकाणी भेटतं. असेंब्लीचे (कनिष्ठ सभागृहाचे) अध्यक्ष अलेक्झांडर शेल्डन; ते मात्र सदस्यांतलेच, वेगळे मोजायचे नाहीत.

चार सिनेटरांवर खूण करायला विसरू नका. असेंब्ली दरवर्षी चारही डिस्ट्रिक्टमधून एकेक सिनेटर निवडून नियुक्ती मंडळावर पाठवायची. शेरीफ, न्यायाधीश, महापौर अशा नेमणुका गव्हर्नरसकट या पाच जणांच्या हातात. असेंब्लीतल्या एकेका मतासाठी एवढी झोंबाझोंबी का व्हायची, ते यावरून कळेल.

प्रश्नकर्ता :
वा, गाठ सुटली. असेंब्लीचे मतदारसंघ-क्रमांक कुठे मिळतील?

प्रतिसाद ३ :
नव्हतेच. काउंटी हाच मतदारसंघ. मोठ्या काउंटीतून अनेक सदस्य एकत्र निवडले जायचे, छोट्या काउंट्या मिळून जागा वाटून घ्यायच्या. ३५व्या मंडळात एकूण ११२ जागा.

नावांची संक्षिप्त रूपं मात्र आपल्या मनाने खोडू नका. १८१५च्या निवडणुकीत ऑन्टारिओ काउंटीत हेन्री फेलोज यांच्या काही मतपत्रिकांवर ‘हेन. फेलोज’ लिहिलेलं होतं. काउंटीच्या क्लार्कने (नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) ती मतं धरली नाहीत आणि प्रमाणपत्र पीटर ॲलन यांना दिलं. ॲलन यांच्या मताने नियुक्ती मंडळ हवं तसं निवडून झालं, आणि मग त्यांना उठवून फेलोजना बसवलं! म्हणून ३९व्या मंडळाच्या यादीत एकाच जागेसमोर दोघांचीही नावं लागतात, आणि आधी ॲलन.

प्रतिसाद १ :
मतांचे आकडेही टाकणार असाल तर सिनेट आणि असेंब्लीची बेरीज एकमेकांशी ताडू नका. सिनेटसाठी कर्ज वजा जाता १०० पौंडांची, म्हणजे २५० डॉलरची जमीन मालकीची लागायची. असेंब्लीला २० पौंडांची जमीन किंवा वर्षाला ४० शिलिंग भाड्याची जागाही चालायची. सिनेटचा आकडा कमीच येणार.