विहिरीच्या पाण्याला नासक्या अंड्याचा वास, लवकर उपाय सांगा

शहापूरकर: गणपती तोंडावर आलाय, पाहुणे येणार आणि पाण्याला नासक्या अंड्यासारखा वास मारायलाय. तुरटी फिरवली, टाकी घासली, फरक नाही. काय घालायचं तेवढं सांगा.

निपाणीकर: वास गार पाण्यालाही आहे की फक्त गिझरच्या?

शहापूरकर: सगळ्यालाच.

खानापूरवाला: आर.ओ. बसवा. आमच्या भांड्यांवरचे पांढरे डाग गेले, डाळही लवकर शिजते.

निपाणीकर: ते क्षारांचं झालं, इथं प्रश्न वासाचा आहे. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, तो वायू आहे, आर.ओ.च्या पडद्यातून सरळ पलीकडं जातो. शहापूरकर, विहिरीतनं बादली शेंदून वास घ्या. फक्त गिझरला असता तर आतला मॅग्नेशियमचा रॉड बदलून भागलं असतं.

शहापूरकर: बादलीतल्या पाण्यालाही आहे. पाऊस लागल्यापासून सुरू झालंय.

वडगावची ताई: शोषखड्डा किती लांब?

शहापूरकर: शेजाऱ्यांचा वीसेक फुटांवर.

वडगावची ताई: हे आधी सांगायचं की हो दादा! पावसात विहीर वरपर्यंत भरते, मैलापाणी पाझरू शकतं. आजपासून ते पिऊ नका. लॅबमधून ई. कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, तपासून घ्या. पंचायतीतली पाणी तपासायची, जंतू असले की काळी पडणारी बाटली इथं चालायची नाही. पाण्यातच सल्फाइड असलं तर ती उगाच काळी पडते.

हिंडलग्याचा: तपासणी कशाला? गडी उतरवा, गाळ काढा. आम्ही दर उन्हाळ्यात काढतो.

वडगावची ताई: अजिबात नको! हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास कळत नाही आणि माणूस आत कोसळतो. गाळ काढायचा तर उन्हाळ्यात पंपानं पाणी उपसून, हवा खेळवून, जाणकाराकडूनच.

कंग्राळीकर: एवढी कटकट कशाला, राकसकोप धरणाचं नळाचं पाणी घ्या की.

हिंडलग्याचा: नळाला पाणी कधी येईल याचा नेम आहे का?

शहापूरकर: नळाचं राहू दे! ब्लिचिंग पावडर किती घालू?

निपाणीकर: विहीर किती रुंद, पाणी किती खोल?

शहापूरकर: आठ फूट रुंद, पाणी पंधरा फूट.

निपाणीकर: रुंदीचा वर्ग गुणिले खोली गुणिले २२, म्हणजे साधारण २१,००० लिटर. ताजी ३३ टक्क्यांची पावडर तीन किलोच्या आसपास लागेल. बादलीत कालवा, निवळी तेवढी विहिरीत ओता, चुना खाली राहू दे. मोटर लावून क्लोरीनचा वास येईपर्यंत सगळे नळ सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसा, झाडांना घालू नका. पण खड्डा पाझरतच राहिला तर अंड्याचा वास परत येणार. शेजाऱ्यांशी आधी बोला.

शहापूरकर: ते खड्डा हलवणार नाहीत. जुनी पावडर घरात आहे, चालेल का?

निपाणीकर: उघडी राहिली असेल तर तिच्यातलं क्लोरीन उडालेलं असतं. नवीन आणा.

खानापूरवाला: आर.ओ.चं तरी बघून ठेवा.