मदत हवी आहे: माझा सापांचा फोटो अर्धा कापून फिरतोय, आता काय करू?

बेसावाली

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहून राहिले आणि तेही घोळ करून बसल्यावर. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आम्ही नागपुरात बेसा-पिपळा साइडला राहतो. इथं आत्ताआत्तापर्यंत शेतंच होती, मग ले-आउट पडले, घरं झाली, पण मधले रिकामे प्लॉट तसेच, त्यात कमरेएवढं गवत आणि विटांचे ढीग. पाऊस लागला की कॉलनीच्या ग्रुपवर दिवसाआड सापाचा फोटो आणि खाली जितकी घरं तितकी मतं. एक म्हणतो मारा लवकर, एक म्हणते हात जोडा देव आहे, तिसरा कुठूनतरी आलेलं कांद्याच्या रसाचं औषध चिकटवतो. मागच्या वर्षी पोट्ट्यांनी एक धामण विटांनी ठेचली, चांगली सहा फुटी, बिचारी उंदरांच्या मागे आली होती. ते पाहून राहवलं नाही. माझा मामेभाऊ सर्पमित्र आहे, त्याच्यासोबत चार-पाच वर्षं फिरून मलाही थोडंफार कळतं, शाळेत विज्ञान शिकवते, म्हटलं आपणच एक नीट फोटो-मेसेज बनवू.

बनवला. डावीकडे कवड्या, उजवीकडे मण्यार, कारण आमच्याकडे याच दोघांत सगळ्यात जास्त गफलत होते. कवड्या बिनविषारी, पालींच्या मागे भिंतीवर चढतो म्हणून घरात सापडतो. मण्यार म्हणजे नाग, घोणस, फुरसं यांच्या बरोबरीची, चार मोठ्या विषारी सापांतली. कवड्याखाली हिरव्या अक्षरात 'बिनविषारी, घाबरू नका', मण्यारीखाली लाल अक्षरात 'अतिविषारी'. त्याखाली फरक, की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे मानेच्या बरेच मागून सुरू होतात, बारीक, जोडीजोडीनं, शेपटीकडे दाट. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, ओळखता आला तरी हात लावू नका. लेकीनं रंगबिंग दिले. ढीगभर अंगठे आले, दोन दिवस मी हवेत.

मग कोणीतरी, वाईट मनानं नसेलच, मोबाईलवर अख्खा फोटो नीट दिसत नाही म्हणून फक्त डावा अर्धा कापला. कवड्या आणि खाली 'बिनविषारी, घाबरू नका', बस. वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, पावसाळ्यात घरात निघणारा पट्ट्यांचा साप बिनविषारी असतो, सगळ्यांना कळवा. तो फिरला हुडकेश्वर, मानेवाडा, बहिणीच्या सासरी हिंगण्याला. मला स्वतःलाच तीन ग्रुपवरून परत आला, एका ठिकाणी तर वर 'बेसाच्या मॅडमनी सांगितलंय' असंही.

परवा रात्री साडेदहाला बेल वाजली. बाजूच्या साइटवरचे चौकीदार काका, भंडाऱ्याकडचे, साठीच्या पुढचे. हातात पेंटची बादली, वर परात, परातीवर वीट. म्हणे, "ताई, तुमच्या फोटोतला साप निंगाला माह्या चटईजवळ. बिनइषारी हाये म्हून मारला नाही, खराट्यानं लोटून बादलीत घेतला. पाहून घ्या." मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं ना, की बघा, कामी आला मेसेज, एक जीव वाचला. परात जराशी सरकवून टॉर्च मारला. निळसर काळा, तेल लावल्यासारखा चकचकीत. मानेजवळ कोरा. थोडं मागून पांढऱ्या बारीक रेघा, दोन-दोनच्या, शेपटीकडे दाट होत गेलेल्या. परात लावली, वीट ठेवली आणि पायरीवर बसले. पायातलं त्राणच गेलं. काका विचारून राहिले, काय झालं ताई.

काकांना काही झालं नाही. भाऊ येऊन साप घेऊन गेला. पण काका तिथं रिकाम्या पोत्यांवर चटई टाकून जमिनीवर झोपतात, आणि मण्यार रात्रीच फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही, ना सूज ना फारशी आग, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, लोक ॲसिडिटी समजून सोडा पितात. हे सगळं मला माहीत होतं. फोटोत टाकलं नाही कारण जागा नव्हती.

तर विचारायचंय ते असं की तो कापलेला फोटो परत बोलवायचा काही मार्ग आहे का, नसेल तर त्याच्या मागे दुसरा काय पाठवू, आणि मुळात पाठवू का? आमचे हे म्हणतात की कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला. मला उत्तर देता येईना.

तर्रीपोहा

ताई, काका बचावले हे पहिलं. आता मोबाईलचं. 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं आणि तेही फक्त तुम्ही टाकलेल्या मेसेजला, पुढे गेलेल्या कॉप्या जागेवरच राहतात. पण ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी उडवू शकतो. म्हणून ज्या ज्या ग्रुपवर तो अर्धवट दिसला तिथल्या ॲडमिनला फोन करा, मेसेज नको, फोन. दहापैकी सहा जण करतील.

आणि त्या फोटोवर दोन बाणांचं 'खूपदा फॉरवर्ड' दिसणार नाही हेही लक्षात घ्या. क्रॉप करून गॅलरीतून टाकला की तो नवाच फोटो धरला जातो. म्हणजे पाहणाऱ्याला वाटतं ओळखीच्या माणसानं स्वतःच पाठवलाय.

नुसता_वाचक

कडू लागेल पण तुमचे मिस्टर बरोबर आहेत. ज्याचं काम त्यानं करावं. वनखातं आहे, डॉक्टर आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्ञान वाटायची हौस आली की असंच होते.

मेयोची_सिस्टर

@नुसता_वाचक भाऊ, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, आणि त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर याच महिन्यांत. खेड्यातली, शेतातली, जमिनीवर झोपणारी. ती काही वनखात्याचं संकेतस्थळ उघडून बसत नाहीत. गप्प बसून चालत नाही इथं.

पण ताई, तुम्हालाही सांगते. वॉर्डात तेवीस वर्षं काढलीत. तुमच्या फोटोत साप होता, माणूस नव्हता. चावल्यावर साप कोणता ते ओळखत बसायची गरजच नाही, या चारही सापांच्या विषावर आपल्याकडचं इंजेक्शन एकच आहे, डॉक्टर लक्षणं बघून देतात. तरी लोक मेलेला साप कॅरीबॅगमध्ये घालून आणतात आणि तो शोधून मारण्यात अर्धा तास घालवलेला असतो. एका पोराच्या पायाला तर सुतळी इतकी करकचून बांधलेली होती की विषापेक्षा त्या सुतळीचीच जास्त काळजी वाटली आम्हाला. ओळख शिकवूच नका. काय करायचं तेवढं शिकवा.

उमरेड_रोड

सिस्टरशी अर्धा सहमत. ओळख अजिबात शिकवली नाही तर प्रत्येक साप विषारी समजून ठेचतील, धामणीसकट. मी पण साप पकडायला जातो, लोक आमची वाट पाहतात ते बिनविषारी असू शकतो ही शक्यता डोक्यात असते म्हणूनच.

पण ताई, तुमचा तो पट्ट्यांचा नियमही शंभर टक्के नाही हं. मण्यारीच्या पिल्लाला पुढच्या भागातही पट्टे असतात, आणि म्हाताऱ्या मण्यारीचे तुटून नुसते ठिपके राहतात. मी बादलीतला साप दिवसाउजेडी दोनदा बघून बोलतो. मोबाईलच्या टॉर्चमध्ये, घाबरलेल्या माणसाला, नियम कसला आठवते.

बेसावाली

@उमरेड_रोड हे पिल्लाचं मला माहीत नव्हतं. म्हणजे फोटो पूर्ण फिरला असता तरी... असो. रात्री झोप नाही यायची आता.

पुस्तकी_किडा

मी एक वेगळंच सांगतो. फोटो हातातून सुटला की सुटला, त्यात दुरुस्ती नाही. लिंक पाठवली तर मागचा मजकूर बदलता येतो, आज चूक कळली की आज सुधारा, पुढे जो उघडेल त्याला नवीन दिसेल. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, सापांवरचे लेख बघा, कमी काय ते भरा, पिल्लांचा मुद्दा तिथं संदर्भासकट टाका. ती जागा ओळख शिकवायला बरी, तिथं ऐसपैस लिहिता येतं.

फॉरवर्डची आपल्याकडची किंमत आठवा. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं जमावानं मारली, मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फोनवरून फिरत होती म्हणून. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड असं बंधन आणलं. ती अफवा पुढे पाठवणाऱ्यांतही कितीक जण आपापल्या लेकरांच्या काळजीनंच पाठवत असतील.

तर्रीपोहा

@पुस्तकी_किडा लिंक चांगली आहे सर, पण चौकीदार काका लिंक उघडतील? डेटा संपलेला असतो, वाचायला चष्मा नसतो. त्यांना आवाज पाठवा. तीस सेकंदांची व्हॉइस नोट, वऱ्हाडीत. ती कापायची कटकट कोणी करत नाही. आणि शेवटी तारीख बोला, नाहीतर पाच वर्षांनी पण 'आत्ताच आलंय' म्हणून फिरेल.

मेयोची_सिस्टर

हो, आवाज बेस्ट. आणि मजकूर लिहिला तर आधी इथं टाका, मी बघते.

बेसावाली

सगळ्यांचे आभार, @नुसता_वाचक तुमचेही. सात ॲडमिनना फोन केले, पाच जणांनी उडवला, एक म्हणाला "असू द्या ना मॅडम, चांगली माहिती आहे", त्याला बादलीची गोष्ट सांगितली तेव्हा उडवला. सातव्यानं फोनच घेतला नाही. आपल्या ग्रुपवर मी सरळ लिहिलं की माझ्या फोटोत कमी होतं, माझ्यामुळे झालं, तो अर्धा दिसला तर पुढे पाठवू नका. लाज वाटली पण लिहिलं.

आता नवीन मजकूर, चित्राविना:

"साप दिसला तर दहा पावलं लांब व्हा, लेकरांना आत घ्या. वनविभागाला १९२६ वर फोन करा. शक्य असल्यास जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि बूट. साप चावला किंवा नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात जा. दोरी बांधा असं कोणी सांगितलं तरी बांधू नका. कापू नका, चोखू नका."

मेयोची_सिस्टर

चांगलं आहे. 'शक्य असल्यास' काढा, ते वाचलं की माणूस स्वतःला सूट देऊन टाकतो. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, पेशंटला चालवू नका, हे टाका. आणि पहाटे अचानक पोट दुखून पापण्या मिटायला लागल्या तर सापाची खूण दिसो न दिसो, दवाखाना. मण्यारीत वेळेवर श्वासाचं मशीन लागलं की माणूस परत उठून बसतो, मी पाहिलंय.

उमरेड_रोड

'माझ्या ओळखीचा एक साप पकडतो, त्याला बोलवा' असं कोणी वर जोडलं तर थांबवा ताई. स्टेटससाठी नाग गळ्यात घालून रील करणारे पोट्टेच असे 'ओळखीचे' बनतात. साप पकडून मिरवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आमच्यातले काही जणही विसरतात ते.

बेसावाली

अपडेट. सिस्टरनी सांगितलेलं सगळं घातलं. मग लेकीनं डोकं चालवलं. त्या मजकुराची प्रिंट काढली, खरंच कात्री घेतली आणि ओळीओळीच्या पट्ट्या केल्या, एकेक पट्टी आजीला वाचायला दिली, की आजी, एवढंच आलं तर तू काय करशील. सासूबाई चष्मा लावून एकदम सिरियस. पाच-सहा पट्ट्या बरोबर. मग एका पट्टीवर म्हणाल्या, "दोरी बांधीन." आम्ही बघतच राहिलो. प्रिंटमध्ये 'दोरी बांधा असं कोणी सांगितलं' एवढ्यावर ओळ संपली होती आणि 'तरी बांधू नका' खालच्या पट्टीवर गेलं होतं. आता तिथं फक्त 'दोरी बांधू नका' आहे. 'घाबरू नका' हे दोन शब्द तर मी कुठंच ठेवले नाहीत.

व्हॉइस नोट काकांच्याच आवाजात केली, माझ्या आवाजात फारच शाळा वाटत होती. तारीख बोललेत शेवटी. साइटच्या मालकाच्या मागे लागून काकांना एक बाज मिळवून दिली, मच्छरदाणी आमच्याकडची जुनी दिली, दोन ठिकाणी शिवून. काकांनी मात्र विचारलं, "ताई, मंग तो आधीचा फोटो खोटा होता का?" खोटा नव्हता काका, अर्धा होता, असं म्हटलं तर म्हणे, "मले तं तेवढाच आला."

आता अजून एक मदत. त्या साइटवरचे बाकीचे मजूर छत्तीसगढचे आहेत, नऊ माणसं, तीन लेकरं, सगळे खालीच झोपतात आणि काकांची वऱ्हाडी त्यांना निम्मीच कळते. कोणाला छत्तीसगढी बोलता येते का? तीस-चाळीस सेकंदांचंच आहे. पाऊस परत लागायच्या आत झालं तर बरं.