'सक्तीचा जुगार' की 'जुगाराचा नाद'?

प्रश्न (मिरज):

येथील एका समुपदेशन केंद्रासाठी मी एका माहितीपत्रकाचे मराठी तपासून देत आहे. जुगार हाही मानसिक आजाराचे रूप घेऊ शकतो, असा त्याचा विषय आहे. मूळ मजकुरातील 'कम्पल्सिव्ह गॅम्बलिंग' या संज्ञेसाठी अनुवादकाने 'सक्तीचा जुगार' असा शब्द योजला आहे. कच्चा मसुदा वाचून दाखवला, तेव्हा वाळवा तालुक्यातून मुलाला घेऊन आलेल्या एका बाईंनी मध्येच विचारले, "सक्ती कुणी केली ओ त्याला?" कुणाचे तरी नाव कळेल, अशा अपेक्षेने त्या माझ्याकडे पाहत होत्या. मुलगा मान खाली घालून मोबाईलचे कव्हर काढत-घालत बसला होता.

'सक्तीचे शिक्षण', 'सक्तीची रजा' यांत सक्ती बाहेरून होते, तेव्हा बाईंची शंका मला योग्य वाटते. आमच्या भागात सगळे 'नाद' म्हणतात. तोच शब्द ठेवावा का?

उत्तर (सातारा):

'सक्तीचा' काढून टाकावा, यात मला शंका नाही. 'कम्पल्सिव्ह' हे विशेषण मनोविकारशास्त्रानेही या आजारापुरते बाजूला ठेवले आहे आणि त्याचे कारण मराठीत चांगले समजते, कारण खऱ्या 'कम्पल्सिव्ह' विकारासाठी आपल्याकडे 'मंत्रचळ' हा नेमका शब्द आहे. मंत्रचळ झालेला माणूस विसाव्यांदा हात धुतो, तेव्हा त्याला त्यात गोडी नसते, तो केवळ भीती शमवत असतो. जुगाऱ्याला मात्र निदान आरंभी तरी आशा आणि झिंग यांनी ओढलेले असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार 1980 साली प्रथम आला, तो आवेग आवरता न येण्याच्या विकारांत. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत तो तेथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवण्यात आला. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही त्याची जागा व्यसनाधीन वर्तनांतच आहे.

येथे मराठीला किंचित मिरवण्याचा अधिकार आहे. आपल्या 'व्यसन' शब्दाने पदार्थ आणि वर्तन असा भेद कधी केलाच नाही. 'वि' आणि 'अस्', म्हणजे फेकणे, यांपासून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ 'संकट' असाही आहे, आणि मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायच्या अठरा व्यसनांत मद्य आणि फासे एकाच यादीत बसलेले आहेत. तरीही माहितीपत्रकात 'व्यसनी' हे विशेषण मी वापरणार नाही, कारण आज त्यात निदान कमी आणि निवाडा जास्त आहे. 'विकृती' तर मुळीच नको. परिभाषेत तो निरुपद्रवी असेल, पण 'विकृत' म्हटल्यावर घरच्या माणसांच्या मनात जे येते ते पुसायला समुपदेशकाचा अर्धा तास जाईल.

आता 'नाद'. सातारा-सांगलीकडे हा शब्द कौतुकाचाही आहे. बैलगाडा शर्यतीचा नाद असतो, कुस्तीचा असतो, 'नाद खुळा' ही शाबासकी असते आणि 'नाद करायचा नाही' ही छाती काढून दिलेली ताकीद असते. मटक्याचा आकडा लावणे किंवा रात्रभर मोबाईलवर रमी खेळणे याला 'नाद' म्हटले की त्या शब्दाबरोबर थोडी मर्दुमकीही चिकटते.

त्याहून मोठी अडचण व्याकरणाची आहे. 'त्याला नाद लागला' हे वाक्य 'त्याला ताप आला' याच घडणीचे आहे. माणूस येथे कर्ता नाही, त्याच्यावर काहीतरी ओढवले आहे. पण लगेच पुढच्या वाक्यात आपण त्याला 'नाद सोड' म्हणतो. 'ताप सोड' असे कुणी कुणाला म्हणत नाही. सोडायचे ठरवूनही न सुटणे हेच तर या आजाराचे लक्षण आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तातला जुगारी आता खेळायचे नाही असा निश्चय करतो आणि पटावर फाशांचा आवाज झाला की पुन्हा तिकडेच जातो. 'नाद' म्हणजे मुळात आवाज, हे आठवले की हा योगायोग मला तरी चटका लावतो.

हा केवळ स्वभावदोष नव्हे, हे सांगायला एक उदाहरण पुरेसे आहे. कंपवातावर (पार्किन्सनवर) प्रामिपेक्सोलसारखी, मेंदूतील डोपामिन या रसायनाचे काम करणारी औषधे देतात. ती घेणाऱ्या काही रुग्णांना, पूर्वी कधी पत्त्याला हात न लावलेल्यांनाही, जुगाराची अनावर ओढ लागते आणि डॉक्टरांनी मात्रा बदलल्यावर ती बहुधा ओसरते. माझे मत असे, की मथळ्यात 'जुगार विकार' हा साधा शब्द ठेवावा आणि आतल्या मजकुरात 'जुगार सुटत नाही' ही बोलीतली रचना वापरावी. सांगलीत 'सट्टा' शब्द मात्र जपून वापरा, हळदीच्या पेठेत त्याला व्यापाराचाही वास आहे.

पुन्हा प्रश्नकर्ता (मिरज):

आपली सूचना मान्य केली. 'जुगार सोडा' ही शेवटची ओळ बदलून 'जुगार सुटत नसेल तर येऊन बोला' अशी केली, आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्याखाली दिला. निदानाच्या नऊ खुणाही उतरवल्या. मागच्या बारा महिन्यांत त्यांपैकी चार किंवा अधिक दिसल्या, तर विकाराचे निदान होऊ शकते. रक्कम वाढवत नेणे, थांबवले की चिडचिड होणे, घरी खोटे बोलणे, इतरांच्या पैशांवर निभावणे, या खुणांचे मराठी सहज झाले.

अडले ते एका खुणेपाशी. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जाणे, यासाठी अनुवादकाने 'तोट्याचा पाठलाग' असे लिहिले होते. मी ते मोठ्याने वाचले, तेव्हा इतका वेळ गप्प असलेला तो मुलगा वर न बघता म्हणाला, "आम्ही 'गेलेलं काढायचं' म्हणतो." मसुद्यात आता तेच शब्द आहेत.