मदत हवी आहे : गुळाच्या करारात चोपण (खारवट झालेल्या) रानाच्या निचऱ्याचा खर्च कंपनीकडनं कसा घालून घ्यायचा?

नमस्कार मंडळी, शिरोळ तालुक्यातनं लिहितोय. आमच्याकडं नदीकाठची काळी रानं, पाणी भरपूर, वर्षानुवर्षं ऊस एके ऊस आणि पाटानं तुडुंब भिजवायचं, त्यानं खालचं पाणी वर आलं आणि बरीच रानं चोपण झाली. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं मीठ फुटलेलं दिसतंय, ऊस गुडघाभर होऊन पिवळा पडतोय. ज्याचं रान असं गेलं तो ते पडीक टाकून एमआयडीसीत कामाला जातोय, दुसरं करणार काय.

आमचा शेतकऱ्यांचा गट आहे, सामायिक गुऱ्हाळ आहे. हायड्रॉस (गुळाचा रंग उजळ करायची रासायनिक पावडर) घालत नाही, भेंडीच्या पाण्यानं काहिलीतली मळी काढतो. रंग काळपट येतो म्हणून यार्डात सौद्याला दर कमी लागतोय. आता एक चिक्की बनवणारी कंपनी सगळा गूळ घ्यायला तयार आहे, बाजारापेक्षा जरा जास्त दरानं. चांगलंच आहे, पण नुसता जादा दर घेऊन काय करू? खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, रवा नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. म्हणजे रान गेलं तर कंपनीचा मालपण गेलाच की, मग निचऱ्याला त्यांनी हात लावायला नको का?

शिरोळच्या दत्त कारखान्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून क्षारपड रानं सुधारायचं मोठं काम केलंय, त्यामुळं हे होतंय यात शंका नाही. अडचण अशी की एकट्याच्या रानात पाईप घालून भागत नाही, पाणी शेवटी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या सगळ्यांच्या रानातनं मुख्य लाईन जावी लागते, खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. हिरवळीचं खत म्हणून ताग, धैंचा गाडतो, जिप्सम टाकतो, पण पाणी बाहेर निघाल्याशिवाय मीठ जात नाही.

तर जाणकारांनी सांगा. कंपनी म्हणते सीएसआरमधनं (कंपन्यांनी समाजकामासाठी करायच्या खर्चातनं) बघू. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात मातीची गुणवत्ता राखणं बसतंय, पण कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत असंपण आहे. मग फक्त आम्हा पुरवठादारांच्या रानाला पैसे न देता ओढ्याकाठच्या सगळ्या पट्ट्याला दिले तर चालेल का? माझ्या मते तेच बरोबर, कारण मुख्य लाईन सगळ्यांचीच असणार. कुणी सीए किंवा वकील असतील तर प्लीज लिहा.

दुसरं, दराचं. कारखान्याला ऊस घातला तर एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) आहे, 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे (बिलं लांबतात ती गोष्ट वेगळी). गुळाला यातलं काहीच नाही. करारात उसाची किंमत एफआरपीच्या खाली धरायची नाही आणि वर तोडणी, गाळप, जळणाचा खर्च वेगळा, असं कलम घालता येईल का? आणि करार 1 वर्षाचा नको, निदान 5 वर्षांचा पाहिजे, रान सुधारायला तेवढा वेळ लागणारच.

एडिट : खाली विचारलंय म्हणून सांगतो, गटाची कंपनी म्हणून नोंदणी अजून नाही. सही करायच्या आधी एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) करून घेऊ का, का करार आधी चालेल?