मदत हवी आहे: शेवटपर्यंत गुप्त राहिलेलं ज्ञान

नमस्कार मंडळी, कोथरूडहून लिहितोय. लेक अकरावीत, शनिवारी कॉलेजात वादविवाद. विषय: ‘घातक तांत्रिक ज्ञान गुप्त ठेवता येतं’. चिठ्ठीत नेमकी अनुकूल बाजू आली आणि मला सापडतंय ते सगळं प्रतिकूल!

१९४२ मध्ये फ्ल्योरोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की अमेरिकी नियतकालिकांत अणुविखंडनावर (अणूचं केंद्रक फोडण्यावर) काही छापूनच येत नाहीये. त्या गप्प बसण्यावरूनच त्यानं ओळखलं की अणुबॉम्बचं काम चालू आहे, आणि थेट स्टालिनला पत्र लिहिलं. म्हणजे लपवणंच चुगली करून गेलं. १९४९ मध्ये सोव्हिएतांचाही बॉम्ब फुटला. (हेरांनी हातभार लावला, ते वेगळं.)

आपल्या बाजूनं एकच मिळालं: बायझंटाइनांचं (पूर्व रोमन साम्राज्याचं) ‘ग्रीक फायर’ हे अस्त्र, पाण्यावरही जळणारं. त्याची नक्की कृती आजही कुणाला ठाऊक नाही. पण लेक म्हणते, “बाबा, परीक्षक हसतील.”

घरचं उदाहरण म्हणजे सासरे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३० वर्षं काढली; काय बनवता विचारलं की “चहा टाक” एवढंच.

विसाव्या शतकातलं एखादं ठोस उदाहरण आहे का कुणाकडे? आणि ‘ज्ञान फुटलं तरी बॉम्बला लागणारं समृद्ध युरेनियम आणणार कुठून?’ हा मुद्दा विषयात बसेल, की विरोधक फाडून खातील? शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा, प्लीज.