बीबीएसाठी ख्राइस्ट युनिव्हर्सिटी: लवासा की बंगळुरू? आणि 'ख्रिस्ती' विद्यापीठात आपल्या मुलांना प्रवेश कसा मिळतो?

मिरजेची_मृण्मयी

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी कॉमर्सला, राज्य बोर्ड. तिला बीबीए करायचंय आणि तेही ख्राइस्टलाच. माझं म्हणणं, निदान लवासाला जा, महाराष्ट्रात तरी राहशील. तिला बंगळुरूच हवंय. मधेच सासूबाईंनी विचारलं, "मिशनच्या कॉलेजात आपल्या पोरीला घेतील का? आणि घेतलं तर रविवारी चर्चला जावं लागंल का?" हसू आलं, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. नेटवर शोधलं तर 'श्रद्धेचं निवेदन लिहून द्या', 'पाळकांचं पत्र जोडा' असलं काहीबाही दिसलं, मग मीच घाबरले.

तर प्रश्न असे: ख्रिस्ती नसलेल्यांना जागा कमी असतात का? सीयूईटी द्यावी लागते म्हणतात, ती केंद्र सरकारचीच का? बारावीचा निकाल लागायच्या आधी पैसे भरायला सांगतात हे खरं का? आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न आठ लाखांच्या आत. मुलींना फी माफ झालीय ना आता?

डल्लासचा_दादा

तुम्ही वाचलंत ते बहुतेक आमच्या इकडचं असणार. अमेरिकेत 'ख्रिश्चन युनिव्हर्सिटी' या एका नावाखाली अगदी वेगवेगळे प्रकार खपतात. कॅलिफोर्नियातलं बायोला पदवीच्या विद्यार्थ्याकडून तो स्वतः ख्रिस्ती असण्याची अपेक्षा धरतं. मॉर्मन पंथाच्या ब्रिगम यंगला त्या पंथाचे नसलात तरी चालतं, पण धर्मगुरूची संमती लागते आणि दारू-चहा-कॉफी बंद. (चहा बंद म्हटल्यावर आपला अर्ज तिथंच संपला.) इथून दीड-दोन तासांवर वेकोला बेलर आहे. बाप्टिस्ट पंथाचं, १८४५ पासूनचं. तिथं कुठल्याही धर्माचा मुलगा घेतात, पण दोन सत्रं चॅपल (सामूहिक प्रार्थना) आणि धर्माचे दोन विषय सगळ्यांना. भारतातल्या कॉलेजला यातलं काही लावू नका.

बन्नेरघट्टा_आई

मुलगी बंगळुरूलाच बीबीए करून बाहेर पडली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सीयूईटीचा घोळ. ख्राइस्टची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, तिचं लघुरूप सीयूईटी. केंद्राची सीयूईटी पदवीसाठी २०२२ मध्ये आली, ख्राइस्टची त्याआधीपासून होती. दोन्ही वेगळ्या. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने केंद्राचा फॉर्म भरला आणि 'झालं ख्राइस्टचं' म्हणून निवांत बसला. अर्ज विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर भरायचा. परीक्षेची सत्रं बरीच असतात, बारावीच्या लेखी परीक्षेच्या आधीपासून सुरू होतात. एक सत्र हुकलं तर पुढचं असतं, पण जागा भरत जातात.

परीक्षेनंतर छोटं सादरीकरण आणि मुलाखत. सादरीकरण म्हणजे विषय देतात आणि पॅनेलपुढे दीड मिनिट बोलायचं. दीड मिनिट ऐकायला काहीच वाटत नाही, पण माझी हुशार पोरगी चाळीस सेकंदांत संपवून गप्प उभी राहिली होती. दहावी-बारावीचे गुणही बघतात, पण नव्वद टक्केवाली मुलं इथेच मागे पडताना पाहिलीत. राज्य बोर्डाच्या मुलांना उभं राहून इंग्रजीत बोलायची सवय नसते, तेवढंच आडवं येतं. आतापासून रोज एक विषय द्या आणि मोबाईलवर वेळ लावा.

आता सासूबाईंचा प्रश्न. चर्चला कुणी नेत नाही. संस्था कॅथलिक आहे, सीएमआय या धर्मसंघाची. केरळात १८३१ मध्ये संत चावरा आणि त्यांच्या सोबत्यांनी स्थापलेला हा संघ. कॉलेज १९६९ चं, अभिमत (डीम्ड) विद्यापीठ २००८ पासून. कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनेने होते, तेव्हा उभं राहायचं. झालं. धर्मापेक्षा शिस्तीला घाबरा! ८५ टक्के हजेरी लागते. गणपतीला घरी, लग्नाला चार दिवस, मग दिवाळीला लवकर असं नाही चालत. कपड्यांचेही नियम कडक. हे मुलीला आधी समजावून सांगा, नंतर रडारड नको.

नगरकर_१९

मी ख्रिस्ती, नगरचा. आमचं अहमदनगर कॉलेज १९४७ चं, तिथं माझ्या वर्गात ख्रिस्ती मुलं बोटावर मोजण्याइतकी होती. 'मिशनचं कॉलेज म्हणजे ख्रिस्त्यांसाठी' हा समज निघायला हवा.

कायद्याचं एवढंच. घटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित अल्पसंख्याक संस्थेला आपल्या समाजासाठी जागा राखायला मुभा दिली, पण निम्म्यापर्यंतच. मुंबईच्या झेवियर्समध्ये 'मायनॉरिटी कोटा' म्हणतात तो यातलाच. २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही सरसकट टक्केवारी बाजूला ठेवली, तरी इतरांना वाजवी जागा द्याव्याच लागतात ही अट राहिली. म्हणजे तुमच्या मुलीला धर्मामुळे दार बंद नाही. कोट्यातून जाणाऱ्याला बाप्तिस्म्याचा दाखला आणि मंडळीचं पत्र लागतं. पाळकांच्या पत्राबद्दल तुम्ही वाचलंत ते कदाचित हेही असेल.

दुसरी बाजूही ऐका. कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत, म्हणजे त्यांच्यावर एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लादता येत नाही. आमच्यातली गंमत म्हणजे आजोबा महार असताना बाप्तिस्मा झालेल्या घरातला मुलगा अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या आदेशामुळे एससी धरला जात नाही, महाराष्ट्रात ओबीसीत येतो. मग मिशनच्या कॉलेजात त्याला ख्रिस्ती म्हणून जागा मिळते आणि सरकारी कॉलेजात ओबीसी म्हणून. गावात मात्र लोक त्याला आजोबांच्याच नावाने ओळखतात. असो, विषय तुमचा नाही हा.

फीचा_हिशेब

मृण्मयीताई, पैशांचं मी सांगतो, कारण इथेच लोक फसतात.

फीमाफी: जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून (कॅप) हवा, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. ख्राइस्ट अभिमत आहे. लवासा महाराष्ट्रात असलं तरी एक रुपया माफ होणार नाही. उलट आपल्याकडे बीबीएला २०२४ पासून राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा आणि कॅप आहे. पुण्या-सांगलीतल्या पात्र कॉलेजात त्यातून गेली तर माफी मिळू शकते. तो फॉर्म काहीही झालं तरी भरून ठेवा.

आधी भरलेले पैसे: हो, निकालाआधी निवड होते आणि फी भरून जागा धरावी लागते. २०१८ च्या यूजीसी नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत कापता येतात. त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं. शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की शून्य. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायलाही मनाई आहे. माझ्या पुतण्याचे एका खासगी विद्यापीठाकडून पैसे चार महिन्यांनी आले, तेही अर्ज ईमेलवर होता म्हणून. फोनवर 'हो हो, करतो' म्हणत होते. सगळं लेखी करा.

घाटवाट

लवासाला बहीण राहते, म्हणून सांगतो. 'महाराष्ट्रात आहे म्हणून जवळ' हे विसरा. पिरंगुटवरून मुठ्याचा घाट, पुढे टेमघर धरण, मग लवासा. उन्हाळ्यात मस्त, पावसाळ्यात दरडी. जुलै २०२४ ला तिथे बंगल्यांवर दरड कोसळली होती. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरू. पोरीला शनिवारी घरी यायचं झालं तर कुठून सोपं, तुम्हीच बघा.

लवासाचा फायदा एकच, पोरं अभ्यासाशिवाय दुसरं काही करूच शकत नाहीत. जायला जागाच नाही.

मिरजेची_मृण्मयी

सगळ्यांचे आभार, विशेषतः नगरकरांचे. 'विषय तुमचा नाही' म्हणालात, पण सासूबाईंना तेवढंच दोनदा वाचून दाखवलं.

ठरलं ते असं: ख्राइस्टचा अर्ज बंगळुरूसाठी, पुढच्या सत्राला. सीईटी सेलचा फॉर्म पण भरतोय. बंगळुरूत निवड झाली तर आधी रद्द करायची शेवटची तारीख लिहून घेणार, मग फी. आणि फीमाफी मिळणार नाही हे तिला काल सांगितलं. गप्प बसली. रात्री बापाला विचारत होती, सांगलीचं बीबीए खरंच इतकं वाईट आहे का.

बन्नेरघट्टा_आई

तिला घाई नका करू. पण दीड मिनिटाचा सराव चालू ठेवा, सांगलीला गेली तरी मुलाखती आहेतच. आजचा विषय देऊ का? "माझी आजी."