जैसलमेरजवळ १२ जणांचा तंबूमुक्काम: पाणी, तंबू, परवानग्या

खडीसाखर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही १२ जण (वय ९ ते ६८) रेल्वेने जोधपूर आणि तिथून टेम्पो ट्रॅव्हलरने जैसलमेरला जाणार आहोत. पलंग-गाद्यांचे तयार कॅम्प नकोत, स्वतःचे तंबू लावून दोन रात्री काढायच्या आहेत: एक खुरी गावाजवळ, एक रामगढ गावाच्या बाजूला. सह्याद्रीत वापरतो ते दोघांचे सहा तंबू आहेत. मग
- खुंट्या वाळूत टिकतील का?
- पाणी किती न्यावे?
- सिलिंडर पुण्याहून नेता येईल का?
- ट्रॅव्हलर वाळूत उतरवता येईल का?
- सीमेजवळच्या तनोट-लोंगेवालासाठी परवाना लागतो का? (एकाकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे तो परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा आहे.)

तंबूखुंटी
तंबू चालतील, खुंट्या नाही चालणार. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत. संध्याकाळी खुंटी घट्ट वाटते, मग कापड वाऱ्याने फडफडत राहिले की ती हलून हलून सैल होते आणि पहाटे तंबू अंगावर येतो. वजनदार खुंटी आणूनही फरक पडत नाही.

त्याऐवजी पाच किलो पिठाच्या असतात तशा कापडी पिशव्या न्या. पिशवी वाळूने भरून तोंड बांधायचे, दोरी पिशवीच्या मधोमध बांधायची, तंबूपासून साधारण एक मीटरवर हात-दीड हात खोल खड्ड्यात पिशवी दोरीला आडवी पुरायची आणि वरची वाळू पायाने दाबायची. दोरी जमिनीला जितकी टेकून जाईल तितके चांगले. उभी ताणली तर पिशवी वर निघते. एका तंबूला चार कोपरे आणि दोन ताणाच्या दोऱ्या धरल्या तर सहा पिशव्या, म्हणजे सहा तंबूंना ३६. चाळीस घ्या, रिकाम्या असताना वजन काहीच नाही. तंबूसोबतच्या दोऱ्या तोकड्या पडतात, म्हणून ३ मिमीची जादा दोरी हवी.

जागेबद्दल: टेकडीच्या माथ्यावर फोटो काढा, झोपायला खाली या. माथ्यावर वारा लागतो आणि निसरड्या उताराच्या पायथ्याशी वाळू साचते. दोन टेकड्यांमधली कडक सपाट जमीन सगळ्यात बरी. पण बांध घातलेली सखल सपाट जमीन दिसली तर ते खडीन असते, म्हणजे पावसाचे पाणी अडवून केलेले शेत. डिसेंबरात त्यात गहू-हरभरा उभा असतो. तिथे तंबू लावलात तर गावकरी उठवतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

झुडपांच्या बुंध्यापासून लांब राहा. उंदरांची बिळे तिथेच असतात आणि बिळांच्या आसऱ्याने फुरसे. हो, आपल्या कोकणातले तेच फुरसे. थंडीत ते सुस्त असते, तरी बूट तंबूच्या आत ठेवा, घालण्यापूर्वी झटका, आणि रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका.

तंबूच्या चेनमध्ये वाळू गेली तर कोरड्या ब्रशने झाडा. तेल लावू नका, तेलावर वाळू चिकटून चेन कायमची बसते.

चुंबकसुई
पाण्याचा हिशेब: हिवाळ्यातही माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचे, ३ लिटर स्वयंपाक आणि हात-तोंडासाठी. १२ × ६ × अडीच दिवस = १८० लिटर, म्हणजे २० लिटरचे नऊ जार. वर एक राखीव. आंघोळ विसरा. भांडी आधी वाळूने घासून पुसली की विसळायला तांब्याभर पाणी पुरते.

सिलिंडर पुण्याहून अजिबात नाही. रेल्वेत गॅस नेणे गुन्हा आहे, रिकाम्या टाकीवरूनही वाद होतो. ५ किलोचा छोटा सिलिंडर जोधपूर किंवा जैसलमेरला घ्या. १२ जणांच्या दोन दिवसांच्या जेवणाला साधारण दोन-सव्वादोन किलो गॅस लागतो. वाऱ्यात दीडपट धरा, तरी पुरून उरतो. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवा, चौथी बाजू आणि सिलिंडर मोकळे. फिरस्ते वापरतात ते छोटे ब्युटेनचे डबे टाळा: शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही, आणि पहाटेच्या चहाला ज्योत मरते.

थंडीला कमी लेखू नका. दुपारी २३-२४ अंश, पहाटे ५ किंवा त्याहून कमी. वाळू रात्री झपाट्याने गार होते, त्यामुळे थंडी खालून लागते. अंगावर तीन ब्लँकेट घेण्यापेक्षा अंगाखाली फोमची जाड मॅट जास्त कामाची. ६८ वर्षांच्या व्यक्तीला दोन मॅट द्या.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेचारला तंबू उभे झालेले हवेत, कारण पिशव्या पुरायलाच तासभर जातो. उजाडायला मात्र साडेसात वाजतात, पुण्याच्या सवयीने सहाला सगळ्यांना उठवू नका.

आडवाट
परवान्याचे थोडक्यात. भारतीय नागरिकांना तनोट मंदिर आणि लोंगेवाला युद्धस्मारकासाठी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र ठेवा. तनोटच्या पुढे सीमेवर जायचे तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. ओसीआय कार्डधारक इथे परदेशीच धरला जातो. त्याच्यासाठी जैसलमेरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आधी चौकशी करा, नाहीतर एकामुळे सगळी गाडी नाक्यावर थांबेल. ड्रोन आणि सॅटेलाइट फोन नकोच. उपग्रहावरून संदेश पाठवणारी ट्रेकिंगची उपकरणेही विनापरवाना चालत नाहीत. अमेरिकेहून येणारे ती सहज बॅगेत टाकतात, त्यांना आधीच बजावा.

सम आणि खुरी ही गावे डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहेत, उद्यानाच्या हद्दीत परस्पर तंबू लावता येत नाही. हे माळढोकचे घर आहे (तिकडे गोडावण म्हणतात). खुरीत जमीनमालक गाठून त्याच्याच जागेत उतरा. ओरण म्हणजे तिकडची देवराई, तिथले वाळके फाटेसुद्धा उचलायचे नाहीत. शेकोटीचे लाकूड विकत घ्या.

पंक्चरवाला
ट्रॅव्हलर वाळूत उतरवायची असेल तर टायरची हवा २० पीएसआयपर्यंत कमी करा, आरामात जाते.

तंबूखुंटी
@पंक्चरवाला, हे फोर बाय फोर जीपला ठीक. भरलेल्या ट्रॅव्हलरला नाही. मागच्या चाकांवर सगळा भार, जमिनीपासून उंची कमी. हवा कमी केली की टायरच्या बाजू दबतात, आणि डांबरावर परतल्यावर तशाच पळवल्या तर तापून फाटतात. गाडी डांबराच्या कडेला कडक जमिनीवर ठेवा आणि सामान उंटगाडीने किंवा गावातल्या जीपने आत न्या. कडेलाही विलायती बाभळीचे काटे असतात, स्टेपनी तपासून निघा.

खडीसाखर
खूप आभार! दोन उपप्रश्न: शौचालयाचे काय करायचे? आणि आईला उंटावर बसवावे का?

चुंबकसुई
मुक्कामापासून ६०-७० पावले लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वीतभर खोल खड्डा. कोरड्या वाळूत काही लवकर कुजत नाही आणि वारा सगळे उघडे पाडतो, म्हणून कागद आणि पॅड पिशवीत भरून परत आणायचे. आईंसाठी घडीची कमोड खुर्ची आणि चारही बाजूंनी बंद होणारा छोटा तंबू न्या. उकिडवे बसून वाळूत तोल जातो.

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. त्या क्षणी मागे रेलायचे आणि खोगिराची खुंटी दोन्ही हातांनी धरायची. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचे. कंबर किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर उंटगाडी.

आडवाट
गाडीची टाकी रामगढला भरून घ्या. जैसलमेर-रामगढ-तनोट-लोंगेवाला-जैसलमेर फेरी सुमारे २७० किलोमीटर आहे, रामगढच्या पुढे पंपावर विसंबू नका. नकाशेही जैसलमेरलाच फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि रात्री ध्रुव तारा पाहा: पुण्यात १८ अंशांवर दिसतो, इथे २७ वर. नऊ वर्षांच्या पोराला मूठ लांब धरून मोजायला लावा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश.